गुरांचे डॉक्टर आणि माणसांचे आभार

गुरांच्या डॉक्टरचे पेशंट मुके, पण त्यांना घेऊन येणारी माणसं बोलकी! त्यामुळे किस्से साठतच जातात. बाहत्तरच्या दुष्काळात माझं पहिलं पोस्टिंग घोडेगावला झालं. मी तेव्हा सदा कुरकुरायचो. मदतीला रामभाऊ नावाचे ड्रेसर. मलमपट्टी करायची, जनावर धरायचं, हे त्यांचं काम.

दवाखाना बंद करताना ते रोज हात जोडायचे. "आज एकबी लाथ बसली न्हाई. लई झालं!"

एकदा बैलानं त्यांना चांगलीच हाणली. म्हटलं, आज काय म्हणतात बघू! लंगडत आले, हात जोडले.

"गुडघ्यावर बसली, दातावर न्हाई. लई झालं!"

*

नगरहून साहेब इन्स्पेक्शनला आले. रामभाऊंनी चहा दिला. साहेब "थँक्यू, थँक्यू" म्हणाले आणि अर्धा कप तसाच ठेवून जीपमध्ये बसले.

रामभाऊ कपाकडे बघत राहिले. "त्वांडानं दोनदा म्हनले, पन प्याले न्हाईत!"

*

एक बैल पोट फुगून आडवा झाला होता. मी कुशीत नळी घुसवली, फस्सकन हवा सुटली आणि बैल उठला. मालक मात्र मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला.

पुढच्या बाजारी त्याच बैलानं मला पाहिलं आणि शिंगं रोखून निघाला! मालक खूश. "डॉक्टर, वळख ठेवली बघा त्यानं!"

मी तोवर बैलगाडीवर चढलो होतो.

*

एका म्हातारबांची गाय बरी केली. दुसऱ्या दिवशी ते खांद्यावर भरलेली कळशी घेऊन दारात हजर.

"दूध आटलंय, म्हनून पानी आनलं."

त्यांच्या वस्तीपासून विहीर कोसभर लांब. त्या दिवशी मी कुरकुरलो नाही.

*

यमुनाकाकूंची म्हैस सकाळपासून अडली होती. रेडकू पोटात आडवं. माझा हात खांद्यापर्यंत आत, आणि काकू गोठ्याच्या दाराशी.

"डॉक्टर, रेडकू गेलं तरी चालंल, पन हिला ऱ्हाऊ द्या."

दुपारी ते एकदाचं वळलं. रामभाऊंनी पाय ओढले. बाहेर आलं ते निपचित! नाक पुसलं, छाती चोळली, चोळतच राहिलो... आणि ते शिंकलं! मायलेकरं दोघंही वाचली. मी हुश्श करून भिंतीला टेकलो.

काकू पदर सावरत आल्या, वाकायला लागल्या. "अहो काकू, पाया कसल्या पडता!" म्हणत मी पाय मागे घेतले.

काकू माझ्या शेजारून पुढे गेल्या आणि म्हशीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाई, लई सोसलंस गं!"