दादानं कापलेली वायर

“कोणत्या सेटनं?”

सख्खा भाऊ गेल्याची बातमी घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारला तो हा. कधी नाही, कसा नाही… कोणत्या सेटनं, म्हणजे कोणत्या रेडिओचा करंट लागून. बडनेऱ्याचे गणपतराव सकाळच्या गाडीनं अकोल्याला उतरून थेट आमच्या शाळेच्या फाटकाशी आले होते. टोपी हातात, आणि “ताई, सर गेले” एवढंच तोंडातून निघालं होतं. माझ्या प्रश्नानं ते गडबडले नाहीत. त्यांच्याही मनात आधी तेच आलं होतं म्हणे. “सेटनं नाही, ताई. शाळेतून आले, खुर्चीत बसले, वहिनींनी चहा आनला तोवर आटोपलंच होतं.” मी फाटक धरून उभी राहिले. ज्याचे हात सारा जन्म विजेच्या तारांत, तो चहाची वाट पाहता पाहता गेला. इतके आठवडे झाले तरी हे माझ्या गळी उतरत नाही. खरं सांगायचं तर रागच येतो, फक्त तो कुणावर काढावा ते कळत नाही.

मनोहरदादा अमरावतीला हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. मी अकोल्याला मास्तरीण, आणि माय माझ्याजवळ. व्यवहारात अजून आणे होते त्या काळात त्यानं स्वतःच्या हातानं रेडिओ बनवला, आणि कोणता भाग कुठं जोडायचा ते कागदावर रेखाटून ज्याला हवं त्याला देऊन टाकलं. त्या कागदाला सगळे नकाशा म्हणत. अट एकच होती. नकाशा फुकट न्या, पण त्यात काही सुधारणा सुचली तर दडवून ठेवू नका, सगळ्यांना सांगा. बघता बघता मंडळ जमलं. रेल्वेतले गणपतराव आले, एक शिंपी आला, कचेरीतले दोन कारकून आले, परतवाड्याचे लाकडाचे व्यापारी आले. दर रविवारी अमरावतीच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत तारांना डाग देऊन जोडायचा कैया तापायचा आणि कुठकुठले मुके झालेले सेट बोलते होऊन घरी जायचे. कुणी पैसे द्यायला लागला की दादा त्याला बाहेर काढायचा. मी चिडवायची, “लग्न वहिनीशी केलं का रेडिओशी?” तर म्हणायचा, “तुयी वहिनी बिघडत नाही ना, म्हणून रविवार रिकामा रायते.”

पहिल्या नकाशाचा पहिला रेडिओ मायला मिळाला. गुडघ्यांनी तिला घराबाहेर पडणं अवघड केलं होतं, त्यामुळे सकाळची भजनं, दुपारची गाणी, शेतकऱ्यांसाठीचं बोलणं, बाजारभाव, सगळं ती ऐकायची. शेती आमची नव्हती, पण तुरीचा भाव पडला की माय हळहळायची. त्या रेडिओत एक उणीव होती. ट्रान्सफॉर्मर तेव्हा मिळायचा नाही, म्हणून दादानं तो वगळून विजेची एक तार सरळ आतल्या लोखंडी पत्र्याला जोडली होती. पिन एका बाजूनं बसवली की काही भीती नाही, उलटी बसवली की रेडिओ वाजायचा तसाच, पण सगळा पत्रा करंटनं भरलेला. यावर तोडगा निघाला तो खास आपल्याकडचा. पिनेच्या वरच्या बाजूला कुंकवाचा ठिपका लावायचा! घरोघर तो ठिपका होता. पुढे ट्रान्सफॉर्मर मिळू लागले, मंडळानं दुसरा नकाशा काढला, मग सेलवर चालणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरचा तिसरा काढला, पण पहिला काही कुणी सोडेना. चालतो आहे ना, मग कशाला हात लावायचा?

मग एका दिवाळीच्या आधी परतवाड्याच्या त्या व्यापाऱ्यांच्या घरी आवराआवर निघाली. नव्या सुनेनं मोठ्या हौसेनं रेडिओ पुसला, पिनही ओल्या फडक्यानं लख्ख पुसली. ठिपका गेला. पिन परत बसवली ती उलटी. ओला हात मागच्या पत्र्याला लागला आणि पोरगी भिंतीवर जाऊन आदळली. वाचली… पण तिच्या उजव्या हाताची बोटं नंतर नीट मिटली नाहीत. दादा तिला पाहून आला आणि तिथून सरळ अकोल्याला आमच्याकडे आला. ताटावर बसला आणि भाताशी नुसता चाळा करत राहिला. “कमल, तिनं काय चूक केली? घर साफ केलं. चूक मायी हाय,” एवढंच बोलला. माझा हा भाऊ घाबरलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या खोलीत त्यानं सांगून टाकलं की आजपासून पहिला नकाशा बंद. त्याची दुरुस्ती नाही, त्याला लागणारे व्हॉल्व्ह आणि सुटे भाग मिळणार नाहीत. जुना सेट आणून द्या, त्याच्याच सामानातून दुसऱ्या नकाशाचा करून देतो. त्या दिवशी मीही तिथं होते. खोलीत एकदम कल्ला झाला. शिंपीबुवा उठून म्हणाले, “सर, फुकट दिलं म्हणून काय आता वाऱ्यावर सोडता आमाले?” दादा शांतपणे म्हणाला, “फुकट दिलं म्हणूनच सोडता येत नाही. पैसे घेतले असते तर विकला अन् मोकळा झालो, असं म्हणलो असतो.” कुणी म्हणालं, आम्ही आमचे दुरुस्त करू. “करा. नकाशा तुमच्याजवळ हायेच, तो काही मी परत मागत नाही. फक्त त्याले मंडळाचं नाव लावू नका.” शेवटी मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं, “अन् सर, तुमच्या मायचा? तो चालूच राहीन ना?”

त्याच संध्याकाळी दादा माझ्याबरोबर अकोल्याच्या गाडीत बसला. मला वाटलं, मायची समजूत काढेल, गोडीगुलाबीनं सेट घेऊन जाईल. समजूत काढलीही, पण माय ऐकेल तर ना! “माया पोरानं केलेला रेडिओ मले काहून मारीन?” तिचं एकच पालुपद. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत दादानं पिशवीतून पक्कड काढली, पिन उपसली आणि मायच्या रेडिओची वायर कचकन कापली. भजन चालू होतं, ते अर्ध्या ओळीत तुटलं. दादानं सोबत आणलेला ट्रान्झिस्टर मायच्या पुढ्यात ठेवला. तिनं त्यावर टोपलीवरचं फडकं टाकलं आणि तोंड फिरवून बसली.

त्यानंतर माय दादाशी बोलली नाही. म्हणजे शब्दानंही नाही. तो मात्र सुट्टी मिळाली की यायचाच. दारातून ओरडायचा, “कमल, मायले सांग, मी आलो.” माय आतून म्हणायची, “त्याले सांग, पाय धुऊन घे म्हना.” “मायले सांग, पिठलं फस्कलास झालं.” “त्याले सांग, तिखट जास्त झालं असन तर तूप घे म्हना.” मी मधल्या मध्ये टेलिफोन एक्स्चेंज! दोघंही माझ्याकडे पाहून बोलायचे आणि एकमेकांचं ऐकायचे. आम्ही हसायचो सुद्धा. मला वाटायचं, म्हातारीचा रुसवा, किती दिवस टिकेल… तर तो दादा असेपर्यंत टिकला. फाटकाशी उभ्या गणपतरावांना ऐकताना माझ्या मनात हाच विचार आला, की घरी जाऊन आता हे मायला कसं सांगू?

सांगितलं तेव्हा ती रडली नाही. “त्याले सांग…” एवढं म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. कुणाला सांगायचं ते तिचं तिलाच सापडेना.

तेरवी झाल्यावर एका रविवारी गणपतराव आणि शिंपीबुवा आमच्याकडे आले. बसले, पाणी प्यायले, आणि अडखळत गणपतराव म्हणाले, “माय, आमी सगळ्यांनी ठरवलं. पहिल्या नकाशाचा एक तरी सेट सरांच्या आठवणीले चालू असावा. तुमची वायर जोडून देतो. पाच मिनिटांचं काम हाय.” माझ्या मनात आलं, जोडा बाबांनो, लवकर जोडा, या घरात काहीतरी वाजू द्या. शिंपीबुवांनी पिशवीतून नवी वायर काढलीसुद्धा.

मायनं विचारलं, “त्यानं काहून कापली होती?”

“तुमच्या जिवासाठी, माय,” गणपतराव म्हणाले.

“मंग तो गेला म्हणून माया जीव स्वस्त झाला का?”

शिंपीबुवांनी वायर गुंडाळून पिशवीत टाकली. मला मनातून तिचा इतका संताप आला… तुला हे कळलं होतं, तर त्याला म्हणाली असतीस, एकदा, एकच वाक्य! ती भिंतीला धरून उठली आणि कोनाड्यापाशी गेली. तिथं तसाच झाकून ठेवलेल्या ट्रान्झिस्टरवरचं फडकं तिनं काढलं. चालू सेटला हात लावताना दादा डावा हात नेहमी पाठीमागे ठेवायचा, करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाऊ नये म्हणून. मायनं डावा हात तसाच पाठीमागे नेला, कमरेवर ठेवला, आणि उजव्या हातानं खटका फिरवला. आधी खरखर, मग कुणीतरी बाजारभाव सांगू लागलं. आता ती रोजच तसा लावते.

परवा न राहवून मी म्हटलं, “माय, हा सेलवर चालते. ह्याले करंट नाही.”

“मले माहीत हाये,” ती म्हणाली, आणि हात तसाच पाठीमागे ठेवून तुरीचा भाव ऐकत राहिली.