दंडातली काडी आणि महालक्ष्म्या

माझ्या डाव्या दंडात, कातडीखाली, आगपेटीच्या काडीएवढी एक मऊ काडी आहे. मुलगा आधी होताच, मग मुलगी झाली, आणि आता पुरे असं मी ठरवलं. गोळ्या मी विसरते, तांबी मला सोसली नव्हती, म्हणून ही हार्मोनची काडी बसवून घेतली. तीन वर्षं काळजी नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाळीचं वेळापत्रक बिघडू शकतं, हेही त्या म्हणाल्या होत्या. ते मी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

गल्लीतल्या बायकांत माझा दंड लगेच प्रसिद्ध झाला. भिशीला गेलं की चहा बाजूला ठेवून एकेक जण दाबून बघायची. "हाये वं, लागते हाताले!" असं एकीनं म्हटलं की दुसरी उठायची. मीही मोठ्या ऐटीत बाही वर करून बसायची.

मग पाळी आली आणि जायचं नावच घेईना. फार नाही, थेंब थेंब. मध्येच थांबायची, सुटले बुवा म्हणेपर्यंत पुन्हा हजर. या वयात गालावर कॉलेजातल्या पोरीसारखे फोड आले. राग तर असा की कुकरनं शिट्टी दिली तरी मी कुकरवर ओरडायची. "काय झालं?" एवढं विचारायचीही नवऱ्याला चोरी झाली.

पण खरी पंचाईत देवघराची. आमच्या घरी पाळीत स्वयंपाक चालतो, देवघर चालत नाही. सासूबाईंनी माझ्या नोकरीपुढे केलेली ही तडजोड. आता चार दिवसांचा नियम अख्ख्या महिन्याला लागू झाला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना पाटावर बसवत नाही. पूजा नवऱ्याच्या गळ्यात पडली. तो देवांना अशी घाईत आंघोळ घालायचा की बाळकृष्ण कधी भिंतीकडे तोंड करून बसलेला सापडायचा. सासूबाई रोज सकाळी आशेनं विचारायच्या, "काय वं, मोकळी झाली का?" आणि मी मान हलवायची.

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, जवळ आल्या तशी माझी झोप उडाली. दरवर्षी त्या सासूबाईच बसवत. या वेळी त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "औंदा तूच बसवजो." मला इतका आनंद झाला होता! लग्न झाल्यापासून त्या भरजरी साड्यांच्या निऱ्या मी लांबून बघत आले होते. आणि नेमकी ही काडी आडवी आली.

सणासाठी थोरल्या जाऊबाई खाप्याहून आल्या. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "काढून टाक ते. सन झाल्यावर पाहाजो दुसरं."

मी नाही म्हटलं. मला तिसरं मूल नको होतं. दर महिन्याची, दिवस तर नाही ना राहिले, ही धास्ती या काडीनं पहिल्यांदा थांबवली होती. ती काढायची नव्हती आणि महालक्ष्म्याही सोडायच्या नव्हत्या.

मग जाऊबाईंनी पर्समधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या काढल्या. "घे वं. मी दरसाली घेतो." सणावाराआधी आमच्याकडच्या किती बायका ही गोळी बडीशेपेसारखी तोंडात टाकतात. मीही कुणाला न विचारता सुरू केली.

थेंब थांबले नाहीत, डोकं मात्र उठलं. उजव्या डोळ्यापुढे चमकत्या रेघा नाचायला लागल्या आणि उलटी झाली. नवऱ्यानं मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "काडीत हार्मोन आहेच, वर ही गोळी. एक फोन करायला काय झालं होतं?" त्यांनी बीपी बघितलं, पोटऱ्या दाबल्या, पाय सुजतो का, दम लागतो का, छातीत दुखतं का, सगळं विचारलं. रक्ताची गुठळी होणं दुर्मीळच, पण असं काही वाटलं किंवा डोळ्यापुढे असं पुन्हा झालं तर सण बघत बसायचं नाही, धावत यायचं, असं बजावलं. सुदैवानं सगळं ठीक निघालं. गोळ्या बंद झाल्या. थेंब थेंब जाणं हा काडीचा नेहमीचा त्रास, त्यानं घाबरायचं नाही. सोसेना झालं तर कधीही काढता येईल, असं त्या म्हणाल्या.

"काढायची का?"

"राहू द्या," मी म्हटलं.

महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशीच यायच्या होत्या. घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. गोळीचं, डोक्याचं, आणि मी अजून मोकळी नाही हेही. सांगता सांगता रडूच आलं. जाऊबाई कोपऱ्यातून पुटपुटल्या, "म्या तं भल्यासाठीच देल्ली."

सासूबाईंनी पेटीतून महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे काढले, मग त्यांच्याजवळ बसवायची बाळं काढली, एक मुलगा आणि एक मुलगी. पदरानं चौघांची तोंडं पुसत त्यांनी विचारलं, "या दोघी बहिनी. दोघीत मिळून लेकरं किती?"

"दोन."

"माह्या सासूच्या वक्तीही दोनच होते. तिसरं काहून नाही झालं, हे कोनी इचारलं का त्याईले?"

जाऊबाईंना हसू आवरेना. मला रडता रडता ठसका लागला.

"जीव धोक्यात घालून देव पुजत नाही कोनी," सासूबाई म्हणाल्या. "उद्या डोक्यावरून न्हाय अन् बसव. माह्यानं वाकवत नाही, अन् माह्या पोराले निऱ्या करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी न्हाले, ठेवणीतली साडी नेसले आणि देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले. माझी पाळी चालूच होती. ते मला ठाऊक होतं आणि सासूबाईंनाही. त्यांनी मला कुंकू लावलं आणि थोरल्या महालक्ष्मीचा मुखवटा स्वतः माझ्या हातात दिला.