मायचा अठ्ठ्याऐंशी

मायचा ट्यूमर मार्कर वाढला, आणि आमच्या घरात पेढे वाटले गेले.

आज तिला जाऊन तीस वर्षं झाली. पेढ्यांमागचं खरं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पूर्णा. रेल्वे क्वार्टर. बाबा पॉइंट्समन.
विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत कॉलेज सारखं बंद, मी घरी कविता पाडत बसलेली.
घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच.

मायच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन मुंबईला झालं. डॉक्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दर तीन महिन्यांनी रक्तातला हा मार्कर बघायचा. तीसच्या आत, ठीक. एकदा थोडा वर गेला तर घाबरू नको. पण चढतच राहिला तर लगेच आणा.

घरी मी एवढंच म्हणलं, रक्त तपासायचंय.

ऑपरेशननंतर तिचं हिमोग्लोबिन सातवर आलेलं. रोज गूळ-शेंगदाणे खाऊन साडेनऊ केलेलं तिनं.
म्हणून रक्ताचा आकडा वाढला की चांगलं, हे आमच्या घरात पक्कं.

पोस्टानं पहिला रिपोर्ट. सव्वीस.

दुसरा. एकेचाळीस.
तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

तिसरं पाकीट दारातच फोडलं.

"किती आलंय गं?" माय आतून.

"अठ्ठ्याऐंशी."

ती लय खुश. बाबांना म्हणली, एवढे तर तुमच्या पोरीला मॅट्रिकला पण पडले न्हाईत.
बाबांनी सायकल काढली, पेढे आणले, अख्ख्या ओळीत वाटले.
माझा मी कागदात गुंडाळून ठेवला.

दोन दिवस रिपोर्ट माझ्या कवितांच्या वहीत.

तिसऱ्या दिवशी माय बाबांना सांगायलेली, आता मुंबई नको, दिवाळीनंतर बघू.

ती स्टोव्हवर शेंगदाणे भाजायलेली. मी जवळ जाऊन बसले.

"माय, हा आकडा कमी पाहिजे असतो."

तिचा हात थांबला.
"किती कमी?"

"तीसच्या आत."

"मागच्या टायमाला किती व्हता?"

"एकेचाळीस."

"मंग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"भेव वाटलं."

शेंगदाणे करपायचा वास आला. तिनं स्टोव्ह बंद केला. मूठभर गरम शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले, वर गुळाचा खडा.

"हात बघ कसा थरथरायलाय. रक्त न्हाई अंगात. खा आधी."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मुंबई.
लिव्हरपर्यंत गेलेलं.
आठ महिने.

एकेचाळीसलाच बोलले असते तर?
डॉक्टर म्हणले, सांगता येत नाही.
तेच जास्त भीतीदायक आहे.

मागल्या वर्षी माझ्या गाठीचं ऑपरेशन झालं. आज सकाळी मार्करसाठी रक्त देऊन आले. रिपोर्ट फोनवर येतो आता.
फोन पालथा ठेवलाय.

लेकीला शेजारी बसवून सगळं सांगितलंय. कुठला आकडा चांगला, कुठला वाईट. फोन तीच उघडणार, आणि मोठ्यानं वाचणार.

माय, श्रद्धांजली कशी लिहू? हात तसाच थरथरायलाय.

शेंगदाणे भाजलेत. खाते आधी.