नारळासाठी लावलेली लांब नळी

उरला औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लॅबमध्ये वनस्पतींचे अर्क शुद्ध करतात. तिथे माझ्यावर ठपका आला, "हिच्या हातात माल टिकत नाही." ठपका ठेवणारे आमचे सीनियर सर, मूळचे अमरावतीकडचे. तोही भर मीटिंगमध्ये, मॅनेजरसमोर. क्रोमॅटोग्राफीच्या मशीनमधून वेगळा होणारा शुद्ध घटक छोट्या बाटल्यांत गोळा करणं माझं काम, आणि हाती लागायचा जेमतेम अर्धा. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं.

मी रडले नाही. दातओठ खात कारण शोधलं. घटक वेगळे करणारी नळकांडी, म्हणजे कॉलम, बदलला, द्रावण ताजं केलं, फरक शून्य. शेवटी टाकाऊ द्रावणाचा कॅन तपासला. माझा हरवलेला माल त्यात होता.

मग आठवलं. विश्वकर्मा पूजेला मशीनसमोर नारळ फोडायचा होता. पाणी उडू नये म्हणून सरांनी बाटल्या भरणारं यंत्र टेबलाच्या पार टोकाला सरकवलं आणि स्वतःच लांब नळी जोडली. प्रसाद वाटला, फोटो काढले, नळी तशीच राहिली. डिटेक्टरला माल दिसल्यापासून बाटलीत पडेपर्यंत किती सेकंद लागतात, हे मशीनला सांगावं लागतं. तो आकडा जुन्या आखूड नळीचाच होता. त्यामुळे मशीन आधीच बाटली भरायला घ्यायचं आणि माल येत असतानाच थांबायचं.

सरांना बाजूला घेऊन सांगितलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं. मला मिटवायचंच नव्हतं.

मी मॅनेजरला बोलावलं. घरून आणलेला जिलेबीचा रंग मशीनमध्ये सोडला आणि स्टॉपवॉच सरांच्याच हातात दिलं. "सर, स्क्रीनवर दिसला की सुरू करा, रंगीत थेंब पडला की बंद."

एकोणतीस सेकंद. मशीनमध्ये नोंद होती अकराची.

"ये लंबी ट्यूब किसने लगाई?" मॅनेजरने विचारलं. सरांनी स्टॉपवॉच टेबलावर पालथं ठेवलं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नंतर चहाच्या टपरीवर सर म्हणाले, "बाजूले घेऊन सांगतलं असतं तर काय बिघडलं असतं? चारचौघांत काहून इज्जत काढली?"

"तुम्ही मले बाजूले घेऊन म्हटलं होतं का, सर?"

कंत्राट वाढलं. आखूड नळी मी स्वतः लावली. लांबवाली गुंडाळून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. सरांचा आवाज चढला की मी ड्रॉवर उघडते.