मारिसोलचं उत्तर

टेक्सासमधल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते. ‘विज्ञान म्हणजे काय?’ या प्रश्नाला मेक्सिकोहून आलेल्या मारिसोलनं लिहिलं, ‘तॉर्तिया बिघडल्या की आई एकच गोष्ट बदलून पुन्हा करून बघते. ते विज्ञान.’ मी लाल फुली मारली.

“मिस, मग आई करते ते काय?” तिनं वर्गात विचारलं.

“स्वयंपाक,” मी म्हणाले. सगळे हसले. तिनं मान खाली घातली.

घरी येऊन पुस्तक उघडलं, तर प्रयोगाची रीत अगदी तिनं लिहिलेलीच. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, गुण दिले. “इट्स ओके, मिस,” ती म्हणाली. वर्षभर मात्र तिनं पुन्हा हात वर केला नाही.

दही नीट लागलं नाही की माझी आईही असंच काहीतरी बदलून बघायची. ‘तुला विज्ञानातलं काय कळतं?’ असं मी तिलाही म्हणाले होते.