शालिग्रामच्या तीन पाट्या

शालिग्राम घड्याळं दुरुस्त करायचा. धुळ्यातल्या एका मोठ्या दुकानात त्यानं बारा वर्षं काम केलं होतं. म्हाताऱ्या मालकानं दुकान बंद केलं आणि १९८५ साली शालिग्रामनं आठवडी बाजार धरले. दुमडायचं टेबल, काचेची पेटी, छत्री आणि एक पत्र्याची पाटी घेऊन सकाळची एसटी पकडायची. आठवड्यात एक दिवस पारोळा, एक दिवस एरंडोल, एक दिवस जळगाव. एकाच रस्त्यावरची गावं, पण शालिग्रामला वाटायचं, प्रत्येक गावाची आवड वेगळी.

म्हणून पाट्या तीन होत्या. पारोळ्याला ‘श्री बालाजी वॉच’. एरंडोलला, जवळच्या गणपतीच्या देवळावरून, ‘पद्मालय वॉच सर्व्हिस’. जळगावला ‘न्यू बॉम्बे टाइम’. पाटीबरोबर माणूसही बदलायचा. पारोळ्याला डोक्यावर टोपी आणि तोंडात अहिराणी. एरंडोलला कपाळाला शेंदूर. जळगावचा स्टँड आला की टोपी पिशवीत जायची, शर्ट पँटीत खोचला जायचा आणि गिऱ्हाइकाला “ओरिजिनल पार्ट टाकून देतो, साहेब” असं ऐकू यायचं.

पाट्या रंगवल्या होत्या त्याच्याच गल्लीतल्या नासीर पेंटरनं. तिसरी पाटी देताना तो म्हणाला होता, “शालिग्रामभाई, आदमी एक और नाम तीन? कल कोई ढूंढेगा तो किसको ढूंढेगा?”

“मला कोण शोधतंय?” शालिग्राम हसला होता.

खरं तर त्याला आपलं नाव कुठं लावावंसंच वाटत नव्हतं. शालिग्राम हे जुन्या वळणाचं, देव्हाऱ्यातलं नाव. त्या नावाच्या माणसाकडे कोण कशाला विश्वासानं घड्याळ देईल?

दोन वर्षं बरं चाललं. मग एरंडोलच्या बाजारात भागाबाई नावाची एक साठीची बाई आली. पदराच्या गाठीतून तिनं जुनं चावीचं मनगटी घड्याळ काढलं.

“भाऊ, हाई घडी बंद पडी गयी. मना मालक रेल्वेमा व्हता, भुसावळले. आते त्याले दिखत नही. दिवसभर घडी कानजोडे धरीसन बसस. बंद पडनी तशी त्याले काहीच गोड लागत नही.”

शालिग्रामनं ते घेतलं, कानाला लावलं आणि डोळे मिटले. कुठलंही घड्याळ उघडण्याआधी तो असंच करायचा. बंद पडलेल्या घड्याळाला हलकासा झोका देऊन आत काय अडकलंय ते ऐकायचा. मग म्हणाला, “पुढला बजारले लई जा, अक्का.”

“नक्की ना?”

“नक्की.”

भागाबाईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या भाजीवालीला विचारून तिनं पाटीवरचं नाव पाठ केलं आणि गेली.

घड्याळ त्यानं त्याच आठवड्यात नीट केलं. पण पुढच्या बाजाराआधी त्याला कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द, पायात त्राण नाही. डॉक्टरांनी महिनाभर अंथरूण सांगितलं. बायको सुमनबाई म्हणाली, “कुणाकडं तरी निरोप पाठवू का बाजारात?”

“काय निरोप पाठवशील? तिथं शालिग्राम कुणाला ठाऊक आहे?” असं म्हणून तो भिंतीकडं तोंड करून पडला. आपणच बोललेलं वाक्य त्याला दिवसभर टोचत राहिलं.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी नासीरनं दारातून हाक मारली. त्याच्यामागं धुळीनं माखलेल्या पायांची भागाबाई उभी होती.

शालिग्राम खाटेवर उठून बसला. “अक्का! तुम्ही?”

ती त्याच्याकडं बघत राहिली. भांडायचं ठरवूनच ती आली होती, पण समोरचा माणूस हळदीसारखा पिवळा झालेला. ती उंबऱ्यातच खाली बसली. “मी तुले लबाड समजं रे भाऊ,” ती म्हणाली.

सुमनबाईनं पाणी दिलं, मग हळूहळू सगळं कळलं. तीन बाजार तिनं एरंडोलला वाट पाहिली होती. मग पाटीवरचं नाव धरून ती थेट पद्मालयाला गेली. देवळाबाहेरच्या नारळवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, इथं घड्याळवाला कधी बसलाच नाही. कुणी सांगितलं, असाच एक माणूस जळगावच्या बाजारात दिसतो. ती जळगावला गेली. तिथला कुलपं विकणारा म्हणाला, “तो बॉम्बेवाला? गेला असेल मुंबईला. अशांचा काय भरवसा?” घरी परत जावं, तर तिचे मालक वना आबा हात पुढं करायचे. आणली का, एवढंच विचारायचे. शेवटी ती पारोळ्याला उतरली. तिथं पद्मालयवाला किंवा बॉम्बेवाला कुणालाच माहीत नव्हता.

“मंग मी त्या बांगडीवालीले सांगं, तो घडी कानले लावस आनि डोया मिटस.”

बांगडीवाली म्हणजे कनीज. ती धुळ्याहून शालिग्रामच्याच एसटीनं यायची. तिनं लगेच ओळखलं. “वो तो हमारे शालिग्रामभाई!” म्हणाली आणि नासीरच्या दुकानाचा पत्ता दिला.

सुमनबाईनं फडताळातून घड्याळ आणून भागाबाईच्या हातावर ठेवलं. ते चालू होतं. “स्वतः उठवत नव्हतं, तरी रोज सकाळी मला याला चावी द्यायला लावायचे,” ती म्हणाली. “लोकांचं आहे, बंद राहायला नको, म्हणायचे.”

भागाबाईनं घड्याळ कानाशी धरलं.  मग तिनं विचारलं, “भाऊ, तुनं नाव काय शे?”

“शालिग्राम.”

“इतलं चांगलं नाव शे. मंग लपाडी काबर ठेवस?”

 ती गेल्यावर तो नासीरला एवढंच म्हणाला, “जुन्या पाट्या घेऊन जा. तिन्हीवर एकच लिही.”

नासीरनं जुना रंग खरवडून काढला. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं घातली: ‘शालिग्राम घड्याळवाले, धुळे’. खाली घरचा पत्ता आणि कोणत्या वारी कोणत्या गावी बसणार ते. अक्षरांची उंचीसुद्धा त्यानं दोरीनं मोजून तिन्हीवर सारखी ठेवली. मग विचारलं, “और टोपी का क्या?”

शालिग्राम विचारात पडला. सुमनबाई आतून म्हणाली, “घरी घालता ना? मग तीच घाला. सगळीकडं.”

अंगात जोर आल्यावर तो पुन्हा बाजारांना निघाला, पण हे सोपं गेलं नाही. जळगावला एका कॉलेजातल्या मास्तरांनी पाटी वाचून विचारलं, “बॉम्बेवाले कुठं गेले?”

“मीच तो, साहेब.”

“मग धुळ्याचे कसे झालात?” मास्तर हसले आणि द्यायला काढलेलं घड्याळ परत मनगटाला बांधून निघून गेले. त्या दिवशी शालिग्राम बराच वेळ रिकामा बसला. दोनदा त्याचा हात टोपीकडं गेला, पण टोपी त्यानं काढली नाही. असे चार-पाच बाजार मोकळे गेले. पारोळ्याला लोकांनी थट्टा केली, बालाजी रुसला का म्हणून. त्यानं ती ऐकून घेतली, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला आपलं नाव सांगत राहिला. आधी पुटपुटत, मग नीट.

मग एकदा एरंडोलच्या बाजारात भागाबाई वना आबांना घेऊन आली. उंच, वाळलेला म्हातारा, मनगटावर तेच घड्याळ. शालिग्रामनं उठून त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं. आबांनी चाचपडत त्याचा हात धरला.

“शालिग्राम तूच का?”

“हो, आबा. मीच.”

“पाटीवर काय लिखेल शे?”

त्यानं वाचून दाखवलं.

“आनि पारोळाले?”

“हाईच.”

“जयगावले?”

“हाईच, आबा.”

म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली. “रेल्वेमा बी तसंच,” ते म्हणाले. “ठेसननी पाटी डरायवरले दूरथीन समजाले पाहिजे.” मग हात न सोडता ते बसून राहिले. शालिग्रामनंही सोडवून घेतला नाही. एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, ते बिचारं थांबलं.

पुढं सेलची घड्याळं आली आणि चावीची घड्याळं लोकांनी ट्रंकेत टाकली. बाजारातले दोन-तीन घड्याळवाले धंदा सोडून गेले. शालिग्राम सेल बदलून देऊ लागला, पट्टे लावून देऊ लागला, पाटी तीच ठेवून. एव्हाना जळगावचे ते मास्तर आपल्या मुलीचं घड्याळ घेऊन यायला लागले होते. १९९२ च्या हिवाळ्यात भुसावळहून, जिथं तो कधी बसलाच नव्हता, तिथून रेल्वेतला एक गृहस्थ भिंतीवरचं मोठं घड्याळ कापडात गुंडाळून थेट त्याच्या घरी आला. “वना आबांनी नाव सांगितलं,” तो म्हणाला. “शालिग्राम इथंच राहतात ना?”

“या ना,” सुमनबाई म्हणाली, आणि तिनं आत वळून नवऱ्याला हाक मारली.