रिकाम्या पिकअपचं वजन

सगळ्यांना जय भीम, नमस्कार. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतच आलेय. आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नाही. लग्नाला मुहूर्त पाहिला नाही, घर घेताना दिशा पाहिली नाही. पिकअप घेतली तेव्हा शोरूमवाल्याने पुढे लिंबू-मिरची बांधून दिली होती, ती माझ्या सासऱ्यांनी गेटमधून बाहेर पडायच्या आत तोडून टाकली. माझा नवरा मिलिंद म्हणाला, "कशाला लिहितेस यार, लोक हसतील." हसू देत. मी लिहिणारच.

आम्ही मूळचे नागपूरचे. मिलिंदच्या केंद्र सरकारच्या नोकरीमुळे गाझियाबादला आलो ते इथलेच झालो. माझा झाडांचा धंदा आहे – ऑफिसांना कुंड्या भाड्याने देते, महिन्या-दोन महिन्यांनी बदलून देते. बरीचशी गिऱ्हाइकं गुरुग्रामची. ड्रायव्हर टिकेनात, म्हणून मीच पिकअप चालवायला शिकले. दिवसा मालाच्या गाड्यांना दिल्लीतून जाऊ देत नाहीत, त्यामुळे परत येताना मी मानेसरवरून पलवल गाठते आणि तिथून पेरिफेरल एक्स्प्रेसवेने बाहेरच्या बाहेर घरी येते. लांब पडतं, पण रस्ता सरळ आहे.

गेल्या जूनमधली गोष्ट. त्या दिवशी सासरे सोबत होते. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. रिटायर झाल्यापासून घरात करमत नाही, म्हणून अधूनमधून माझ्याबरोबर येतात. सगळ्या कुंड्या गुरुग्रामला उतरवल्या, त्या ऑफिसला जुन्या परत द्यायच्याच नव्हत्या. म्हणजे परतताना मागे काही म्हणजे काही नव्हतं – दोन रिकामी पोती, एक दोर, बस. हे लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत इथेच आहे. गंमत तरी कसली...

एक्स्प्रेसवेला लागल्यावर बाबांना लघवीला उतरायचं होतं, म्हणून एका पुलाच्या सावलीत गाडी थांबवली. भर दुपार. लू, म्हणजे इकडचा उन्हाळी वारा, अशी की तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं. आजूबाजूला एक माणूस नाही. बाबा येईपर्यंत मी आत बसून पाणी प्यायले. गाडी मधेच जराशी हलली, पण शेजारून ट्रक जात होते, त्यामुळे काही वाटलं नाही. बाबा आले, आम्ही निघालो.

निघतानाच मला जाणवलं – गाडी उचल घेत नाहीये. दुसऱ्या गिअरमध्ये रडतेय. अगदी कुंड्या भरलेल्या असताना जशी चालते तशी.

"क्लच गेला वाटतं," मी म्हणाले.

"सकाळी तर बरी होती," बाबा म्हणाले.

फार पुढे गेलो नसू, तेवढ्यात मागून फटकन आवाज आला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. मी ब्रेक न मारता हळूहळू गाडी कडेला घेतली. मागचा डावा टायर बसला होता. जुना होता, बदलायचाच होता, त्याचं नवल नाही.

हेल्पलाइनला फोन लावला. "मैडम, गाड़ी आएगी, पर टाइम लगेगा." किती, ते सांगेना. इकडे बाबांना शुगर, जेवणाची वेळ टळून गेलेली, डब्यातली पोळी त्यांनी कधीच संपवली होती. आणि सावली नावालाही नाही. बसल्या गाडीत माणूस शिजून निघेल. मी ठरवलं, कोणाची वाट बघायची नाही. टायर काही पहिल्यांदा बदलत नव्हते.

पार्किंग लाइट लावले, मागे लांबवर लाल त्रिकोण ठेवला, चाकांना दगड लावले, पान्यावर उभी राहून नट सैल केले, खालून स्टेपनी काढली. बाबांच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला आणि त्यांना रस्त्यापासून दूर रेलिंगपलीकडे उभं केलं. मग जॅक लावला.

आता जॅकबद्दल सांगते. माझा जॅक छोटा आहे. रिकामी गाडी तो आरामात उचलतो, भरलेली उचलत नाही. एकदा भरल्या गाडीचा टायर गेला होता, तेव्हा अर्ध्या कुंड्या रस्त्यावर उतरवाव्या लागल्या होत्या. आणि त्या दिवशी रिकाम्या गाडीखाली तो तसाच अडला. दांडा हलेचना. मी लटकले, पायाने दाबला. हात सोलले. नाहीच.

"सुजाता," बाबा रेलिंगपाशी येऊन म्हणाले, "मागे बघ. कमानी बघ."

मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या कमानी असतात. गाडी रिकामी असली की त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात, माल भरला की सपाट होतात. त्या सपाट झाल्या होत्या. नुसती टायर बसलेली बाजू नाही... दोन्ही.

मी मागे डाल्यात चढले. डाला म्हणजे पिकअपचा मागचा उघडा भाग. दोन पोती, दोर. बाकी काही नाही. आधारासाठी पत्र्यावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला, कारण सकाळपासून तापलेला पत्रा, चटका बसणार हे माहीत होतं. पण चटका बसला नाही. पत्रा गार होता. जरा बाजूला हात लावला – तिथे भाजलं. पुन्हा थोडं पुढे – गार. असे तुकडे होते जागोजागी. कडेच्या फळीला लागून तर ओळीने. कोणी पाठ टेकून बसलं असेल तर जेवढी सावली पडेल, तेवढे.

मी उतरले. बाबांना सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. लहानपणापासून ज्यांनी मिलिंदला भूतबित काही नसतं म्हणून अंधारात एकटं पाठवलं, तो माणूस. पण ते स्वतः रेलिंग ओलांडून आले, डाल्यात डोकावले, पत्र्यावर दोन-तीन ठिकाणी हात ठेवून पाहिला. मग घसा साफ केला आणि रिकाम्या डाल्याकडे बघत, बसमध्ये कंडक्टर बोलतो तशा आवाजात म्हणाले,

"भाई, थोड़ी देर सब नीचे उतर जाओ. टायर बदलना है."

आधी काही झालं नाही. मला वाटलं, बाबांना ऊन लागलं. मग मागची कमान करकरली. गाडी किंचित वर आली. पुन्हा करकरली. पुन्हा वर. एकेक करून माणसं उतरताना जशी गाडी हलते ना, अगदी तशी... या बाजूने एक, त्या बाजूने एक. मी बाबांचा हात घट्ट धरला. शेवटी गाडी स्थिर झाली. कमानी धनुष्यासारख्या वाकलेल्या.

"बघत काय बसलीस?" बाबा म्हणाले. "जॅक फिरव."

फिरवला. लोण्यासारखा फिरला. मी कुठेही न बघता फक्त चाकाकडे बघत काम केलं – नट काढले, चाक ओढलं, स्टेपनी चढवली, नट आवळले, जॅक उतरवला. सामान आत टाकलं. मनात एकच होतं, बाबांना घरी न्यायचं. सीटवर बसून चावी फिरवणार, तर बाबा खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले,

"चलो भाई. बैठ जाओ."

"बाबा!!"

गाडी खाली दबली. एकदा, दोनदा... बराच वेळ दबत राहिली.

मी बाबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते. "स्टेपनी चांगली आहे ना?" त्यांनी विचारलं. "मग चल. सावकाश चल."

मी सावकाश चालवली. आरशात मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. डाला रिकामा. सोबतच्या पिशवीत एक फ्रूटीचं पाकीट सापडलं, ते बाबांना प्यायला लावलं.

बाहेर पडायच्या टोल नाक्यावर गाडी वजनाच्या काट्यावरून जाते. तिथल्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मैडम, पीछे क्या भरा है?"

"कुछ नहीं. ख़ाली है."

ती केबिनमधून बाहेर आली, टाचा उंचावून डाल्यात पाहिलं, परत स्क्रीन पाहिला. "काँटा ख़राब होगा," म्हणाली आणि दांडा वर केला.

नाक्यापुढे रस्ता फुटतो. एक गाझियाबादकडे, दुसरा हापुडकडे. मी आमच्या बाजूला वळायला इंडिकेटर दिला आणि डोक्यावर टपाला थाप पडली. दोनदा. ज्यांनी इकडे पिकअपमधून मजुरांना नेलंय त्यांना माहीत असेल – डाल्यात उभी असलेली माणसं उतरायचं असलं की अशीच थाप मारतात. मी विचारही न करता गाडी कडेला घेतली. सवयीने.

कमान करकरली. गाडी हलकी होत गेली. शेवटच्या वेळेला जरा वेळ लागला... कोणीतरी म्हातारं असावं, किंवा कडेवर मूल असलेलं. मी इंजिन चालू ठेवून थांबले. पूर्ण वर आल्यावरही थोडं थांबले. मग उतरून डाल्यात हात लावला. सगळीकडे सारखा चटका. हातावर फोड आला.

घरी पोचलो. बाबांनी जेवून झोप काढली. दुसऱ्या दिवशी मी गाडी मेकॅनिककडे नेली. क्लच ठीक, कमानी ठीक, ब्रेक चिकटलेले नाहीत. जॅक तिथेच लावून पाहिला, रिकामी गाडी झटक्यात उचलली. मिलिंद म्हणतो उन्हाने दोघांना भास झाला. मग टोलवरच्या मुलीलाही तोच भास झाला का? आता गाडी विकून टाक म्हणतो. मी विकणार नाही. त्याच रस्त्याने अजूनही येते-जाते, पुन्हा काही घडलं नाही. मी कोणाला काही सिद्ध करून दाखवू शकत नाही, आणि जे घडलं त्याचा अर्थही मला लागलेला नाही.

बाबांना मी एकदाच विचारलं. ते पेपर वाचत होते.

"बाबा, कोण होते ते?"

"मला काय माहीत."

"मग टायर बदलून झाल्यावर निघून गेलो असतो ना गुपचूप. परत बसा कशाला म्हणालात?"

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं.

"एवढ्या उन्हात," ते म्हणाले, "तिथेच सोडून यायचं होतं का त्यांना?"